चुलीची ऊब देणारे बूट

त्या साली मार्गशीर्षात कर्नाळ्याखाली अशी थंडी पडली की डोंगरावरची माकडं वाडीत शेकोटीला जागा मागायला आली. एक म्हातारं माकड तर काळूच्या शेजारी उकिडवं बसलं, दोन्ही हात शेकले आणि जाताना बिडी मागून गेलं. आता हे ठकीनं सांगितलेलं, तेव्हा यातलं किती घ्यायचं आणि किती शेकोटीत टाकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. काळू म्हणजे तिचा नवरा. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "माकड नव्हतं आलं. पन बिडी एक कमी झाली, हे खरं."

ठकीचं असंच. तिच्या तोंडून निघालेली मुंगी दाराबाहेर पडेपर्यंत रेडा व्हायची. वाडीला ते माहीत होतं, आणि म्हणूनच संध्याकाळी सगळी तिच्या खोपटापुढं जमायची. पोटात कमी असलं की कानाला जास्त लागतं. तिच्या थापांनी कुणाचं काही बुडालं नव्हतं, कुणाला ठेच लागली नव्हती. निदान त्या सालापर्यंत तरी.

एका गोष्टीला मात्र ठकी तिखटमीठ लावत नसे, कारण लावायची गरजच नव्हती. ते म्हणजे तिच्या सुनेचे, ललिताचे पाय. ललिता खाडीच्या चिखलात उतरली की पावलानं चाचपत जायची आणि मध्येच थांबायची. "हितं हाय. मादी हाय," म्हणायची. हात घातला की चिंबोरी निघायची, आणि मादीच निघायची. रानात कंद कुठं खाली उतरलाय ते तिच्या टाचेला कळायचं. ठकी म्हणायची, माझ्या भरतनं बायको नाय आनली, चार डोळ्यांचं मानूस आनलं. दोन तोंडावर, दोन तळव्याला.

तर हे पाय त्या थंडीत उलव्याला खड्ड्यात उभे असायचे.

वाडीतल्या सात-आठ बाया पहाटे हायवेला टेम्पोत चढायच्या. उलव्याला मोठ्या इमारतीचा पाया चालला होता. दोन पुरुष खोल खणलेलं, आणि भरती आली की खालून खाडीचं पाणी वर यायचं. बाया त्या पाण्यात उभ्या राहून गाळ काढायच्या. ठकी वर असायची, प्यायचं पाणी भरायला आणि झाडलोटीला. वरून तिला ललिताचे पाय दिसायचे. सकाळी काळे, नऊपर्यंत निळे, दुपारी जेवायला वर आली की भिजवलेल्या वालासारखे सुरकुतलेले. रात्री ललिता टाचांच्या भेगांत मेण भरायची आणि गप्प राहायची. ते गप्प राहणं ठकीला सोसत नव्हतं.

माणसं पुरवायचा हरेशशेट. तो तिथलाच. बापाची भातशेती होती तिथं आता बारा मजले उभे होते, आणि हरेश गळ्यात जाड साखळी घालून त्यांच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचा. शनिवारी संध्याकाळी त्यानं बायांना गोळा केलं.

"सोमवारपास्नं खड्ड्यात उतरनारीला गमबूट नाय तर गेट नाय. उदयसिंहसायबानं सांगितलंय." उदयसिंह म्हणजे सेफ्टीचा साहेब, पिवळी टोपी घालून फोटो काढणारा.

"मंग द्या की शेट," ठकी म्हणाली. "त्या पत्र्याच्या खोलीत बारा जोड टांगलेत."

"ते दाखवायचे हायेत."

"कोनाला?"

"बघायला येतात त्यांना."

"मंग आमी पन बघायला येतो. पाय घालून बघू."

बाया फिसकन हसल्या. हरेशही हसला, पण हसू ओठाच्या आत ठेवून. "तुमचं तुमी आना. आनि ठकीबाय, तोंड चालवतेस तेवढं फावडं चालवलं असतंस तर आज तू शेट असतीस."

"मी शेट झाली तर तुमाला खड्ड्यात कोन उतरवील," ठकी म्हणाली आणि टेम्पोत चढली.

रविवारी ती पनवेलच्या बाजारात गेली. एकटीच, ललिता लाकडाला गेली होती. ठकीनं बरोबर दोरी घेतली. वाडीत पायातलं आणायचं ते दोरीवर आणायचं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरी लावायची, गाठ मारायची आणि कनवटीला खोचायची. दोरी मात्र ललिताच्या पायाची नव्हती. ती भरतच्या पायाची होती. खोपटात चपलांचा एकच जोड, मेढीला टांगलेला. जो बाजारात जाईल त्याच्या पायात. तेव्हा माप घ्यायचं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या पायाचं. भरत तेव्हा वीटभट्टीवर होता, पण पावसात तो पण घालील, काळू पण घालील. बूट काय एकटीसाठी आणायचे असतात?

परेशभाईचं दुकान म्हणजे पावसाळ्यात छत्र्या, दिवाळीत पणत्या आणि बाकी वर्षभर जे विकलं जाईल ते. त्यानं ठकीला स्टुलावर बसवलं.

"कुणासाठी, मावशी?"

"सुनेसाठी."

"सून कुठाय?"

"सून कशाला? दोरी आनलीय."

परेशनं दोरी हातात घेतली, मोजली. "सून पैलवान आहे का?"

"दोरी ल्योकाची हाय. मोठ्यात ल्हान मावतं, ल्हानात मोठं नाय मावत. शाळा नाय शिकली तरी येवढं कळतं."

"काम कसलं?"

"पान्यातलं. बांधकामावर."

परेशनं काळा बूट काढला. गुडघ्यापर्यंत उंच, साधा रबराचा, आत काहीच नाही. "हा घ्या. पण तिच्या पायाचा. एक नंबर वर चालेल, आत जाड मोजे घालायचे. त्यापेक्षा मोठा नको, पोटरीला सैल झाला की पाणी वरून आत. आणि रोज संध्याकाळी उलटा करून धुवायचा."

ठकीनं त्यात हात घातला. गार. विहिरीच्या भिंतीला हात लावल्यासारखा. तेवढ्यात तिची नजर फळीवर गेली. तिथं दुसरे बूट होते, फिकट निळे, जरा बुटके, अर्ध्या पोटरीपर्यंतचे. आणि काठातून पांढरी लव बाहेर डोकावत होती.

"त्ये कुठलं जनावर?"

"ते कोल्ड स्टोरेजवाले नेतात. मासळी गोठवतात ना, तिथं उभं राहायला. आतून लोकर आहे."

ठकीनं आत हात घातला आणि काढेचना. मनगटापर्यंत मऊ, कोंबडीच्या पोटाखाली हात सरकवल्यासारखं. तिच्या डोळ्यांपुढं ललिताची निळी पावलं आली.

"हेच दे."

"मावशी, ते कोरड्या थंडीचे आहेत. बाहेरून पाणी नाही जात, पण वरून गेलं तर लोकर पिते. मग दोन दिवस सुकत नाही. पाण्याच्या कामाला काळाच बरा."

आता ठकीचं एक शास्त्र होतं. दुकानदार ज्याला नको म्हणतो तेच चांगलं असतं. चांगलं त्याला घरी न्यायचं असतं. तिनं भरतच्या दोरीचे निळे बूट घेतले, कोंबड्या विकून जपलेल्या नोटा मोजल्या आणि निघाली. परेशनं पिशवी देताना पुन्हा सांगितलं, "भिजले तर काढा हां." ठकीनं मान हलवली. बाजारात मान हलवायला काही लागत नाही.

त्या संध्याकाळी तिनं बूट शेकोटीपुढं मांडले आणि वाडी भोवती बसली.

"ही लव हाय ना," ठकी म्हणाली, "ही बर्फाच्या देशातल्या अस्वलाची. पोटाखालची. तिथल्या बाया हे घालून बर्फात हुभ्या ऱ्हातात. हुभी ऱ्हायली की खालचा बर्फ वितळतो, आनि त्याचं पानी येवढं कढतं की त्या त्यातच च्या टाकतात."

"साखर कोन घालतं?" काळूनं विचारलं.

"साखर अस्वल आनतं," ठकी म्हणाली, आणि पोरं लोळली. मग ती ललिताकडं वळली. "ऐक गो. सकाळी हे गार लागतील. दुपारपत्तुर पायाला अशी ऊब येईल, चुलीपुढं बसल्यागत. आनि नंतर तर घामच फुटंल. तवा काढायची घाई नको करू. काढलंस की ऊब पळाली, मंग परत येत नाय."

"आये, तुमी पन," ललिता हसली. पण तिनं पाय आत घातले आणि क्षणभर डोळे मिटले. शेजारची दिपा, ललिताच्याच वयाची, बुटांकडं बघत राहिली. बूट मोठे होतेच. ललितानं पुढं जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या.

सोमवारी गेटवर उदयसिंहानं बुटांचा फोटो काढला आणि अंगठा वर केला. बाकीच्या बायांनी साधे काळे बूट जमवले होते, दिपाचे तर मागून आणलेले. ललिता आत गेली. तो दिवस बरा गेला, गाळाचं काम उथळात होतं. संध्याकाळी ललिताची पावलं पहिल्यांदा पावलांच्या रंगाची होती. ठकीनं ती हातात घेऊन साऱ्या टेम्पोला दाखवली, जशी बारशाला पोर दाखवतात.

मंगळवारी पायाचा माल पडायचा होता. माल म्हणजे ओलं काँक्रीट. पंपाचा लांब पाइप हत्तीच्या सोंडेसारखा वरून आला आणि सकाळपासून ओकू लागला. बाया मालात उभ्या राहून फावड्यानं तो पसरत होत्या, लोखंडाच्या जाळीखाली ढकलत होत्या. काळ्या बुटवाल्यांच्या गुडघ्याखाली माल. ललिताच्या बुटांच्या काठाला माल. प्रत्येक पावलाला बूट आत राहायचा आणि पाय वर यायचा, मग पुन्हा आत.

दुपारी ठकी पाण्याची बादली घेऊन काठावर आली. "कसं गो?"

ललितानं वर बघितलं. दमलेली होती, पण तोंडावर नवल होतं. "आये, तुमचं खरं हाय. लई ऊब लागते. चुलीपुढं बसल्यागत."

ठकीला काय वाटलं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. जन्मभर थापा मारल्या, त्यातली एक खरी निघाली. तिनं बादली ठेवली आणि साऱ्या खड्ड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलात का? चुलीपुढं बसल्यागत."

"काढू का जरा? जेवायला?" ललितानं विचारलं.

"नको काढू. ऊब जाईल."

ललिता बूट घालूनच जेवली. बूट घालूनच पुन्हा उतरली. दिपानं त्याच दुपारी हरेशकडून उचल मागितली.

संध्याकाळी टेम्पोत ललिता बोलेना. कपाळावर घाम होता. खोपटाशी आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आये, वढा जरा." ठकीनं बूट ओढला. तो आला नाही. पुन्हा ओढला. बूट आला, पण लोकर करडी होऊन ललिताच्या नडगीला चिकटून राहिली, आणि लोकर सोडवताना खालचं कातडं तिच्याबरोबर आलं. आत चिंध्या दगडासारख्या झाल्या होत्या. ललिता ओरडली नाही. ती बघत होती, जणू पाय दुसऱ्या कुणाचे होते.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तासभर पाणी ओतलं. मग त्यांनी ठकीला बाहेर बोलावलं. "सिमेंट आहे हे. ओलं सिमेंट कातडीला धरून ठेवलं की आगीसारखं आत जातं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. नुसतं लागून ओघळून गेलं असतं, लगेच धुतलं असतं, तर लाल होऊन राहिलं असतं. सात-आठ तास तिनं ते तसंच ठेवलं. बूट काढला का नाही?"



डॉक्टरीणबाईंनी आत जाऊन ललिताला विचारलं, "अगं, काहीच जाणवलं नाही?"

"जानवलं," ललिता म्हणाली. "ऊब लागली."

मांडीचं कातडं काढून लावावं लागेल, म्हणाल्या. चालेल ती, पण पावलाला पूर्वीसारखं कळेल असं नाही सांगता येत. ठकीनं ते भरतला सांगितलं तेव्हा त्यात काही घातलं नाही. भरत भट्टीवरून तसाच आला होता, अंगावर राख. त्यानं सगळं ऐकलं. मग ठकीच्या पिशवीतून दोरी काढली, गाठीवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या पावलाला लावून बघितली.

"माजं माप कशाला घेतलंस, आये?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरेशशेट दवाखान्यात आला. दोन शहाळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. "बूट कोनाचे होते? आमी दिले होते का?" त्यानं ठकीला बाजूला घेऊन विचारलं. "गेटवर फोटो हाय. बूट घालून काम करत होती. आमची बाजू साफ हाय. आनि मला तर वाटतं तिला पायाचा काय रोग आधीचाच असंल. तुमच्यात असतं तसं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक बाई कमी झाली बघ. उद्या तू उतर खड्ड्यात. दवाखान्याला पैसं लागतीलच."

ठकी उतरायला तयार झाली. रात्री तिनं निळे बूट पाण्यात बुडवून ठेवले, मग कांदा चिरायच्या सुरीनं आतली लोकर खरवडून काढली. एक केस ठेवला नाही. पोटरीशी सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून घट्ट बांधायची सोय केली. हे सगळं तिला आता येत होतं.

पहाटे टेम्पोत दिपा तिच्या समोर बसली. दिपाच्या पायात निळे बूट होते. तसेच, काठातून पांढरी लव डोकावणारे.

"काढ ते," ठकी म्हणाली.

"का गो, म्हातारे?"

"ललिताचं पाय त्यानं खाल्लं. मालाचं पानी लोकर पिती आनि पायाला धरून बसती. जळतं, पन जळल्यागत नाय लागत. ऊब लागल्यागत लागतं."

टेम्पोत कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. दुष्टपणानं नाही. सवयीनं. "आता बूट पन मानसं खायला लागलं," मागून एकजणी म्हणाली. "काल अस्वल च्या करत होतं, आज पाय खातंय."

"शेट म्हनला, तिला आधीचाच रोग होता," दिपा म्हणाली. "तूच म्हनलीस चुलीपुढं बसल्यागत. साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हनलीस. आता मी आनलं तर तुज्या पोटात दुखतं."

ठकीनं शपथ घातली. काळूची, भरतची, डोंगरावरच्या देवाची. पण शपथा तर ती माकडाच्या बिडीवरही घालत आली होती. खरं सांगायला वेगळं तोंड लागतं, आणि तिच्याकडं ते एकच होतं.

त्या दिवशी खड्ड्याचा उरलेला भाग भरायचा होता. पाइप आला. ठकीनं पट्टे आवळले आणि उतरली. तिचे पाय गारठून लाकूड झाले, नडग्यांत सुया शिरल्या, दात वाजायला लागले. दर थोड्या वेळानं ती थांबून पायांना विचारायची, गार हाय ना? गार होतं. मग ती पुन्हा फावडं मारायची, आणि डोळा दिपावर.

दहाच्या सुमाराला दिपा थांबली. पाय हलवून बघितला. वळून ठकीकडं बघत खोडसाळ हसली.

"आली बघ ऊब."

ठकीनं फावडं टाकलं. मालातून पाय उपटत गेली, दिपाचं मनगट धरलं आणि शिडीकडं ओढली. दिपा खच्चून शिव्या देत होती. वर आल्यावर ठकीनं तिला प्यायच्या पाण्याच्या पिंपाशी ढकललं, खाली बसवलं, बूट ओढून काढले आणि पिंप तिच्या पायांवर कलंडलं. सगळं. तांबे भरभरून नाही, पिंपच. मग चिखलात सांडलेल्या पाण्यात गुडघे टेकून कमरेला खोचलेली ती कांद्याची सुरी काढली आणि नव्याकोऱ्या बुटांतली लोकर फाडायला लागली. करडी झालेली, गरम, चिकट लोकर.

"माजे बूट," दिपा रडायला लागली. "मेले, जळके, सुनेचं गेलं म्हनून माजं पन फाडतेस. उचल घेतलीय मी."

दिपाच्या नडग्या तांबड्या झाल्या होत्या. फक्त तांबड्या. ठकीनं त्यावर बोट फिरवलं.

तोवर हरेश आला होता, मागं उदयसिंह. हरेशनं सांडलेलं पिंप बघितलं, फाटलेले बूट बघितले, खड्ड्यातल्या बाया फावडी टाकून वर बघतायत म्हणून पंपाचा माणूस थांबलेला बघितला. "सुरी घेऊन आली कामावर," तो साहेबाला म्हणाला. "डोक्यावर परिनाम झालाय. चल ग ए, सुट गेटाभायर. उद्यापास्नं येऊ नको. तुज्या घरातलं कोनीच येऊ नको."

"सायेब," ठकी उदयसिंहाकडं वळली, "त्या खोलीत टांगलेले बूट द्या हिला. काळे. साधे."

उदयसिंहानं हरेशकडं बघितलं. हरेशनं पत्र्याच्या खोलीकडंही बघितलं नाही. पंपवाल्यानं भोंगा वाजवला.

दिपानं डोळे पुसले. फाटके बूट पायात घातले, आता आत नुसतं गार रबर, आणि शिडीकडं निघाली. घेतलेली उचल फेडायची होती. ठकी तिच्या मागं गेली, वाकली, आपल्या पोटरीचे ट्यूबचे पट्टे सोडले आणि तिच्या पोटरीला आवळून बांधले. दिपानं पाय मागं घेतला नाही, पण तिच्याकडं बघितलंही नाही.

ती उतरली. ठकी काठावर उभी राहिली. गेटवरचा माणूस तिला न्यायला येत होता.

"दिपा," ती वरून म्हणाली. "गार लागतंय का?"

"लागतंय की, मेले," दिपा मान वर न करता म्हणाली. "पायाचं दगड झालंय."

"मंग बरं हाय," ठकी म्हणाली. "ऊब आली तर सांग."